उशीर नेमका कुणाचा?

आमच्या घरात उशिरा येणाऱ्याला दोन भाषांतून बोलणी बसतात. मी विचारते, ‘उशीर का झाला?’ आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, ‘याक इष्ट तड?’ माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर कन्नड. आणि चिरंजीव तेरा वर्षांचे, दोन्ही भाषा येत असूनही सोयीनुसार एकही न ऐकू येणारे. ‘सावकाश’ हा एकच शब्द असा, की तो दोन्हीकडे चालतो आणि दोन्हीकडे तितकाच निरुपयोगी ठरतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आमच्याकडे एक वेगळाच उशीर शिरला. तो कुणाला दिसत नव्हता, पण त्याने माझ्या सासऱ्यांना पंधरा दिवसांत म्हातारं केलं. वाचकहो, ही गोष्ट काँप्युटरवरच्या क्रिकेटच्या खेळाची आहे. आपल्याला काय करायचंय त्या खेळाशी, असं म्हणून पान उलटू नका. ज्यांच्या घरी नातू आहे आणि मोठा टीव्ही आहे, त्यांना हे उपयोगी पडेल.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पाच म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झाले त्याला आता अकरा वर्षं झाली. तरुणपणी हुबळीला क्लबकडून यष्टीरक्षण करायचे, त्याची खूण म्हणून उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. गेल्या उन्हाळ्यात नातवाने त्यांना काँप्युटरवरचं क्रिकेट शिकवलं. जुन्या सतरा इंची मॉनिटरसमोर दोघं खांद्याला खांदा लावून बसत. अप्पांना सगळ्या कळा कधीच आल्या नाहीत. एक फटक्याची आणि एक बचावाची, एवढ्या दोनच. पण टायमिंग असं साधायचे, की नातू ओरडायचा, ‘अज्जा, हिंग ह्यांग होडीतीरि?’ असं कसं मारता म्हणून. आणि अज्जा खुर्चीतल्या खुर्चीत फुलायचे.

दसऱ्याला आम्ही बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही घेतला. अज्जांना बारीक दिसतं, मोठ्या पडद्यावर बरं पडेल, म्हणून चिरंजीवांनी काँप्युटर त्यालाच जोडला. सोबत बिनवायरचे दोन कंट्रोलर आणले. कोचावर आरामात टेकून खेळायची सोय झाली. आणि अप्पा आउट व्हायला लागले. सगळे साधे चेंडू, पण बॅट फिरेपर्यंत चेंडू यष्टीवर. पडद्यावर दर वेळी तोच शेरा यायचा : ‘लेट’. पहिले दोन दिवस हसण्यावारी गेले. चौथ्या दिवशी अप्पा म्हणाले, ‘तू आणि तुझे मित्र खेळा, मला झोप येते.’ त्यानंतर ते त्या खोलीत संध्याकाळी बसेनासे झाले.

आठवड्याभराने माझ्या लक्षात आलं, की त्यांची स्कूटर हललेली नाही. किल्ली खुंटीला होती. विचारलं तर म्हणाले, ‘हात आता पहिल्यासारखा चालत नाही गं. रस्त्यात कुणाचं पोर आडवं आलं तर?’ मग हळूच पुढचं बोलले. त्यांच्या थोरल्या भावाला कंपवात होता. सुरुवात अशीच झाली होती, शर्टाची बटणं लावायला वेळ लागण्यापासून. टीव्हीवरचा तो ‘लेट’ अप्पांनी खेळाचा शेरा म्हणून घेतलाच नव्हता. त्यांनी तो डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा वाचला होता.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकात प्रतिक्रियाकाल मोजायचा एक फार जुना आणि फार स्वस्त प्रयोग आम्ही करून घेतो. त्याला लागते फक्त एक फूटपट्टी. एकाने ती वरून उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट अलगद उघडं ठेवायचं. पट्टी अचानक सोडायची आणि दुसऱ्याने पकडायची. किती सेंटिमीटर खाली घसरली त्यावरून वेळ काढता येतो, कारण पडणाऱ्या वस्तूचा वेग कुणाची भीड धरत नाही. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, ३० म्हणजे जवळजवळ ०.२५. मुलांना हे गणित फळ्यावर सोडवायला लावलं की कंटाळतात, पण पट्टी पकडायला रांग लावतात.

तीच पट्टी घरी आणली. स्वयंपाकघराच्या दारात तिघांचे प्रत्येकी बारा प्रयत्न झाले. पहिले दोन सोडून दिले. नातवाची सरासरी १८ सेंटिमीटर. अप्पांची २४. (माझी २२, पण ते इथे महत्त्वाचं नाही.) म्हणजे नातू ०.१९ सेकंदात, आजोबा ०.२२ सेकंदात. वयात साठ वर्षांचं अंतर, आणि हातात फरक सेकंदाच्या तीन शतांशांचा! पट्टीने रोगाचं निदान होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि अप्पांनाही मी ते तिथेच सांगितलं. पण तीन शतांशांसाठी साधा चेंडू चुकावा, तोही दर वेळी, हे काही पटेना.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हे बोलून दाखवलं. आमच्या संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याने पेला खाली न ठेवताच विचारलं, ‘मॅडम, टीव्हीचा गेम मोड चालू केलाय काय?’ मी म्हटलं, ‘तो काय असतोय?’ ‘मग झालं की,’ तो म्हणाला, ‘तुमचे सासरे लेट नाहीत, टीव्ही लेट आहे.’

या उशिराला त्या जगात ‘इनपुट लॅग’ म्हणतात. आपण कळ दाबली त्या क्षणापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. आपल्याला वाटतं कळ दाबली की बॅट फिरते. प्रत्यक्षात तो अर्ज कचेरीतल्या फायलीसारखा टेबलाटेबलावरून फिरत असतो. आधी कंट्रोलर, मग बिनवायरचा प्रवास, मग काँप्युटर. खेळ ती नोंद घेतो, पुढचं चित्र तयार करायला सांगतो, ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं, रंगवलेलं चित्र रांगेत उभं राहतं, पाळी आली की केबलमधून टीव्हीकडे जातं. आणि टीव्ही ते लगेच दाखवत नाही. आजकालचा टीव्ही फार हौशी. आलेलं चित्र तो धारदार करतो, रंग खुलवतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं घालतो. आता मधलं चित्र बनवायचं तर पुढचं हातात यायला हवं, म्हणजे त्याची वाट पाहणं आलंच. सिनेमा किंवा मालिका बघताना हे कळत नाही, कारण तिथे आपण कळ दाबत नसतो. काचेच्या नळीचे जुने जाडजूड टीव्ही असलं काही करत नसत. सिग्नल आला की पडद्यावर. त्यामुळे ज्यांचं बालपण त्या टीव्हीवरच्या खेळांत गेलं, ते आज ‘पूर्वी हात कसा चालायचा’ म्हणून उसासे टाकतात. त्यातला काही भाग वयाचा असेल, काही टीव्हीचा.

हे ऐकताना मला आमच्याच विषयाच्या पुस्तकातली एक गोष्ट आठवली. इंग्लंडात ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकतो ती वेळ घड्याळाच्या ठोक्यांवरून टिपायची, असं काम. त्यांचा साहाय्यक डेव्हिड किनेब्रुक याच्या नोंदी मॅस्केलिन यांच्यापेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडू लागल्या. १७९६ मध्ये त्याला कामावरून काढलं. पुढे बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने या नोंदींकडे पुन्हा पाहिलं, अनेक निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या, आणि दाखवलं की दोन चांगल्या निरीक्षकांच्या वेळा सहसा जुळतच नाहीत. प्रत्येकाचा स्वतःचा एक फरक असतो. तोवर किनेब्रुकची नोकरी केव्हाच गेली होती. दर वर्षी वर्गात ही गोष्ट सांगताना मी गमतीने सांगते. यंदा खुंटीवरची किल्ली दिसत असल्यामुळे तशी सांगता आली नाही.

असो. रविवारी आम्ही कामाला लागलो. आधी मोजायचं ठरवलं. कारण न मोजता केलेले बदल म्हणजे नुसती समजूत. हल्लीच्या बऱ्याच फोनवर सेकंदाला २४० चित्रं टिपणारं स्लो मोशन असतं. कंट्रोलर टीव्हीसमोर धरायचा, खेळाच्या पहिल्या यादीत कळ दाबून खालच्या ओळीवर जायचं, आणि अंगठा व पडदा दोन्ही एकाच चित्रफितीत घ्यायचे. मग चित्रागणिक पुढे सरकत मोजायचं : अंगठा दबल्यापासून ओळ हलेपर्यंत किती चित्रं गेली. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. चिरंजीवांनी पाच वेळा मोजलं. सरासरी ४१ चित्रं, म्हणजे १७१ मिलिसेकंद. आजोबा आणि नातू यांच्यातला फरक ३० मिलिसेकंद, आणि यंत्राचा उशीर १७१!

खऱ्या मैदानावर ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजाकडे यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्यातला तिसरा हिस्सा आमच्या कोचाने आणि टीव्हीने खाल्ला होता, असं धरून चला म्हणजे अंदाज येईल.

पहिलं काम टीव्हीचं. रिमोटवरून चित्राच्या पर्यायांत जाऊन गेम मोड लावला. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते (प्रत्येक कंपनी तिला वेगळं गोंडस नाव देते) ती बंद केली. काही टीव्हींत काँप्युटर जोडलेल्या एचडीएमआयला ‘पीसी’ असं नाव दिलं की तो आपोआप हात आवरता घेतो, तेही केलं. पुन्हा मोजलं. ४१ ची २२ झाली. एक पैसा न खर्चता उशीर जवळजवळ निम्मा! इथे एक घोटाळा सांगून ठेवते : विंडोजमध्येही ‘गेम मोड’ नावाचं बटण आहे, २०१७ पासून. त्याचा टीव्हीच्या गेम मोडशी काही संबंध नाही. आमच्या चिरंजीवांनी ते आधीच चालू केलेलं होतं, म्हणून ‘गेम मोड आहेच की’ असं छातीठोकपणे सांगत होते.

दुसरं काम खेळाच्या आतलं. व्ही-सिंक नावाची एक सोय असते. टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. व्ही-सिंक चालू असलं की तयार चित्र त्या ठोक्यासाठी थांबून राहतं, आणि पाठोपाठ आणखी एकदोन रांगेत उभी राहतात. चित्र अगदी स्वच्छ दिसतं, पण दिसतं ते मघाचं. ते बंद केलं. मग कधीकधी पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो, विशेषतः कॅमेरा झपकन वळला की. फलंदाजी करताना कॅमेरा बहुधा स्थिर असतो, त्यामुळे क्रिकेटमध्ये ते खपून जातं. फुटबॉलमध्ये डोळ्यांना जास्त खुपेल. ज्यांचा पडदा स्वतःचा वेग चित्रांच्या वेगाशी जुळवून घेणारा आहे, म्हणजे खोक्यावर जी-सिंक, फ्रीसिंक किंवा व्हीआरआर असं लिहिलंय, त्यांना ही तडजोड करावी लागत नाही. त्यांनी चित्रांचा वेग पडद्याच्या वेगापेक्षा दोनतीनने खाली बांधून घ्यावा, एवढंच.

आमचं ग्राफिक्स कार्ड जुनं, आणि चिरंजीवांची हौस मोठी. सावल्या, गवताची पाती, स्टेडियममधला प्रेक्षक न् प्रेक्षक, सगळं वरच्या दर्जाचं लावलेलं. कार्डाचा जीव मेटाकुटीला आला की काँप्युटर त्याच्यासमोर कामाची थप्पी लावत जातो, आणि ती थप्पी म्हणजे पुन्हा उशीर. गर्दी कमी केली, सावल्या साध्या केल्या, आणि सेकंदाला किती चित्रं काढायची यावर कार्डाला झेपेल त्याच्या थोडी खाली मर्यादा घातली. एन्व्हिडिया आणि एएमडी या दोघांनीही २०१९ पासून आपापल्या कार्डांच्या सेटिंगांत ही रांग आखूड ठेवायची सोय दिलेली आहे, पहिल्याचा लो लेटन्सी मोड आणि दुसऱ्याचं अँटी-लॅग. ती लावली. खेळ पूर्ण पडद्यावर चालू केला, खिडकीत नाही. आता १४ चित्रं. ‘निम्मे प्रेक्षक घरी पाठवले तुम्ही,’ असं चिरंजीव कुरकुरले, पण मोजणी त्यांनीच केली होती, त्यामुळे बोलता येईना.

शेवटी कंट्रोलरला वायर लावली. दीडशे रुपयांची लांब यूएसबी वायर, कोचापर्यंत पोचेल अशी. १२ चित्रं, म्हणजे ५० मिलिसेकंद. वायरने फार मोठा फरक पडला नाही हे खरं. पण बिनवायरचं एक वाईट असतं, उशीर कधी थोडा तर कधी जास्त. ठरलेल्या उशिराची हाताला सवय होते, लहरी उशिराची होत नाही.

एकूण १२१ मिलिसेकंद गेले. आजोबा-नातवातल्या फरकाच्या चौपट.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आधी चार्जर लावून बघावं. बॅटरीवर तो शक्ती जपून वापरतो. आणि गादीवर ठेवून खेळू नये, खालची हवा कोंडली की तो तापतो आणि तापला की मंदावतो. माझ्या भाच्याने खानापूरला १४४ हर्ट्झचा मॉनिटर हौसेने घेतला आणि सहा महिने तो ६० वरच चालवला, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा आपणच बदलायचा असतो हे त्याला दुकानदाराने सांगितलं नाही. ६० हर्ट्झला एका चित्राचा मुक्काम १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९. त्यामुळे आधी घरातल्या वस्तूचा पूर्ण उपयोग करावा, मग नवीन घ्यावी. अलीकडच्या कार्डांत मधली चित्रं स्वतः रचून सेकंदाचा आकडा फुगवणारी फ्रेम जनरेशन नावाची सोय आली आहे. आकडा दुप्पट दिसतो, हात मात्र लवकर पोचत नाही. उलट थोडा मागे पडतो. टीव्हीचीच खोड ती, फक्त काँप्युटरच्या पोटात. टायमिंगच्या खेळाला ती बंदच बरी. आणि ‘खेळ वेगवान करणारी’ म्हणून जी सॉफ्टवेअरं विकत किंवा फुकट मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. मी तर म्हणेन, जो बदल फोनवर मोजून दिसत नाही तो करूच नये.

इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या मुलाशी खेळताना जो उशीर होतो तो मात्र वेगळा. प्रकाश काचेच्या तारेतून एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, तेव्हा बेळगाव ते मुंबई हे पाचशे किलोमीटर फारसे नडत नाहीत. नडतात मधली वळणं आणि घरातलं वायफाय, दोन भिंतींआडचं. तिथे राउटरपासून थेट वायर ओढावी. वरच्या कुठल्याही सेटिंगने तो उशीर जात नाही.

तर, त्या रविवारी संध्याकाळी अप्पांना हाताला धरून कोचावर बसवलं. ‘अज्जा, निम्म कै अल्ल, टीव्ही तड माडाकत्तैति!’ असं नातवाने तीन वेळा सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता. पहिला चेंडू आला. अप्पांनी कळ दाबली, बॅट फिरली, चेंडू नंतर आला. त्रिफळा. पडद्यावर शेरा : ‘अर्ली’. दुसरा चेंडू, पुन्हा ‘अर्ली’. तिसराही. अप्पा स्क्रीनकडे बघतच राहिले. पंधरा दिवस त्यांचा हात नकळत घाई करायला शिकत होता. यंत्राच्या उशिराला पुरून उरायच्या प्रयत्नात होता, फक्त पुरा पडत नव्हता. आता उशीर गेला, पण शिकलेली घाई राहिली. नातवाचंही तेच झालं, पण तो एका संध्याकाळीत सावरला. अप्पांना चार दिवस लागले. त्यांनी त्याची तक्रार केली नाही. ‘अर्ली’ दिसलं की मान हलवायचे आणि पुढचा चेंडू मागायचे.

डॉक्टरांकडे आम्ही तरीही गेलो. त्यांनी चालवून पाहिलं, लिहायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि ज्याची भीती होती त्याचं लक्षण दिसत नाही म्हणाले. मात्र डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागलाय, रात्री स्कूटर नको. अप्पांनी ते मुकाट्याने मानलं. किल्ली आता सकाळी खुंटीवर नसते. भाजी, पेपर आणि परत येताना कुंदा, जो मला न सांगता आणायचा असतो.

सासूबाईंना मात्र नवीन त्रास सुरू झाला. त्यांच्या कन्नड मालिकेतल्या सुनेची साडी एकाएकी फिकी दिसायला लागली. गेम मोडने टीव्हीची सगळी रंगरंगोटी काढून घेतली होती, ती त्यांच्याही वाट्याची. मग तो मोड फक्त काँप्युटरच्या एचडीएमआयपुरता ठेवला आणि केबलच्या जागी पूर्वीसारखं झगझगीत करून दिलं. बहुतेक टीव्हींत असं वेगवेगळं ठेवता येतं. साडी पुन्हा लाल झाली.

काल रात्री जेवणं उरकून मी पेपर तपासत बसले होते. बैठकीच्या खोलीतून यष्टी उडाल्याचा आवाज आला, पाठोपाठ नातवाचा : ‘अज्जा, लेट!’

‘लेट अल्लो,’ अप्पा ओरडले, ‘यॉर्कर इत्त अदु!’